रेघेअलीकडचे दोन हात

मंगळवारी सकाळी पुंजाजी शिपाई मैदानावर आला तेव्हा तानाबाई ओणवी होऊन पायांचे ठसे वाचत होती.

वाचत होती म्हणजे वाचतच होती. बाईला एक अक्षर येत नव्हतं, मस्टरवर अंगठा उठवायची. पण कबड्डीच्या मैदानावरची माती तिला येत होती. रोज पहाटे झाडायचं, पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, चुन्याच्या रेघा आखायच्या आणि संध्याकाळी पोट्टे खेळून गेले की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. झाडायच्या आधी ती एक फेरी मारायची. काल कोण कुठं घसरला, कोणाचा अंगठा रुतला, कोण कुठं आडवा झाला, सगळं तिथं लिहिलेलं. कोणत्या पोराला घरून दूध मिळतं आणि कोण नुसत्या ताकावर खेळतो, हेसुद्धा ठशावरून सांगेन म्हणायची. थोडी थाप असेल. पण थोडीच.

"तानाबाई, उभी राह्य जरा," पुंजाजी म्हणाला. "बातमी चांगली नाई."

"तुह्या तोंडानं कधी चांगली आली बाप्पा? सांग."

पुंजाजी हा कॉलेजचा शिपाई. कमिटीच्या बैठकीत चहा द्यायला आत जायचा आणि बाहेर येताना अर्धी बैठक घेऊन यायचा. त्यानं सांगितलं ते असं : रविवारी अकोल्याचा संघ येणार. विद्यापीठाच्या सामन्यांतला पहिलाच सामना. तीन वर्षांत आपल्या पोरांनी एकही जिंकलेला नाही. हा हरले की कबड्डी बंद. मैदानावर सायन्सच्या खोल्या उठणार, सोमवारीच पाया खणायला माणसं लागणार.

"अन् मी?"

पुंजाजीनं टोपी काढून पुन्हा घातली. "मैदानच नाई त मैदानवाली कायले ठेवतीन? पण प्रिन्सिपॉल साहेब माणूस चांगला. तुह्या दिराले चिठ्ठी टाकली त्यायनं. उत्तमरावचं उत्तरही आलं. रविवारी गाडी घेऊन येतो म्हणते, तुले न्यायले."

तानाबाई पुन्हा ठशांवर ओणवी झाली. ही बाई भांडली नाही म्हणजे समजून घ्या, काळजात काय झालं असेल. एरवी ती झोपेतही कोणाशी तरी भांडायची.

तिची गोष्ट मोठी नाही. सुलतानपूरला दिली, नवरा तापानं गेला, मूलबाळ नव्हतं. दिराच्या घरात दोन वर्षं राहिली. उत्तमराव वाईट माणूस होता असं नाही बरं का. उगाच त्याच्या नावानं बोटं मोडू नका. त्यानं कधी हात उगारला नाही की उपाशी ठेवलं नाही. पण त्या घरात तानाबाईला कोणी नावानं हाकच मारेना. जाऊ आशाबाई नुसतं "अवो" म्हणायची. अवो, पाणी. अवो, शेण. अवो, पोराचं तोंड धुवा. दोन वर्षं त्या 'अवो'च्या मागं पळून पळून एका आखाजीच्या सणाला, घरात पुरण शिजत असताना, तानाबाईनं पदर खोचला आणि उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, "पोटासाठी म्हणून या घरात परत पाय ठेवणार नाई." सगळ्या गल्लीनं ऐकलं. गल्ल्या असलं बरोबर ऐकतात.

मग मेहकर. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, गावाबाहेर नवं कॉलेज बांधत होते. तिनं तिथं घमेली उचलली. इमारत झाली, मजूर गेले, ही राहिली. मैदानाच्या कडेच्या पत्र्याच्या खोलीत रूळ, चुन्याचं पोतं आणि तानाबाई असे तिघं राहू लागले. खोलीला कुलूप होतं. जन्मात पहिल्यांदा तिच्या पदराला स्वतःची किल्ली बांधलेली होती, आणि ती किल्ली ती बोलता बोलता अशी चाचपायची की जणू आत राणीचे दागिने आहेत. आत होती एक पेटी, एक स्टो आणि दोन लुगडी.

आता रविवारी ती किल्ली परत द्यायची, आणि त्याच उंबऱ्यात पाय ठेवायचा. पोटासाठीच.

"हरतीनच का पोट्टे?" तिनं विचारलं.

"तुले काय वाटते?"

तानाबाईनं खाली मातीकडं पाहिलं. तिला जे वाटत होतं ते तिथंच होतं.

संघात ताकद नव्हती असं म्हणणाऱ्याच्या तोंडात मारायला हवी. निवृत्तीच घ्या. कप्तान, दरवाजात उभा राहिला तर खोलीत अंधार पडावा असा गडी. चढाईला गेला की पलीकडच्या दोघा-तिघांना शिवायचा, सुटायचा, धावत परत यायचा आणि मधली रेघ दोन हातांवर राहिली की पकडला जायचा. निवृत्तीच नाही, सातही जण. शिवायला वाघ, परतायला गाय. रेघेअलीकडच्या त्या दोन हातांत दरवेळी सगळं मातीत जायचं.

भालचंद्र सर खेळाचे शिक्षक. नागपूरहून आलेले, गळ्यात शिटी, काखेत पुस्तक. त्यांचं म्हणणं, पोरांना दम पुरत नाही. म्हणून ते पोरांना मैदानाभोवती पळवत. पळून पळून पोरांचा दम इतका वाढला, की पकडले गेल्यावरसुद्धा ते बराच वेळ "कबड्डी कबड्डी" म्हणत पडून राहायचे.

पण मातीत दम दिसत नव्हता. मातीत वेगळंच दिसत होतं. परत येणाऱ्या पायांचे ठसे लांब लांब, धावणाऱ्याचे. आणि रेघ दोन हातांवर आली की एकदम चवडे खोल रुतलेले, टाच उमटलेलीच नाही. त्याच्या शेजारी पाच बोटं. त्यापुढं म्हैस लोळल्यासारखा खड्डा. प्रत्येकाचं तसंच. धावता धावता पोरं थांबत होती. आपणहून! आणि हात खाली टेकत होती. काऊन?

त्या संध्याकाळी ती पाणी मारायच्या निमित्तानं काठावर बसली आणि पोरांच्या पायांकडं नाही, मानांकडं पाहत राहिली. आणि मग तिनं कपाळावर हात मारून घेतला.

आपल्याकडं पोरगं लंगोट लावून खेळायला लागलं, की आधी काय शिकतं? चढाईला जाताना रेघेला हात लावायचा, मग कपाळाला. आणि सुखरूप परत आलं की पुन्हा रेघेला हात, पुन्हा कपाळाला. भुईनं राखलं म्हणून. गावातल्या खेळात त्यानं काही बिघडत नव्हतं; मागून पकडणाराही आपल्याच आळीतला, तोही पाया पडेपर्यंत थांबायचा. अकोल्याचा पकडणारा कशाला थांबतो? पोरं रेघ ओलांडायच्या आधीच, दोन हातांवरूनच, पाया पडायला वाकत होती. त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं. माणसाला स्वतःची सवय आणि स्वतःचं घोरणं कधी कळलंय?

तिनं पदर सावरला आणि सरांपुढं जाऊन उभी राहिली.

"सर, पोट्टे दमानं नाई पडून राह्यले. पाया पडून राह्यले."

"काय?"

तिनं सगळं सांगितलं. सरांनी पुस्तक मिटून ऐकलं, हे त्यांच्या नावावर मांडायला हवं. मग म्हणाले, "तानाबाई, हे शास्त्र आहे. तुम्ही पाणी मारा."

"हाव, मारते की," ती म्हणाली.

बुधवारी सकाळी संघ मैदानावर आला तर सगळ्या रेघा जागच्या जागी, मधलीच गायब. मधल्या जागी नुसती ओली काळी माती, आणि दोन्ही काठांना एकेक खुंटी ठोकलेली.

"मधली रेघ कुठं आहे?" सर ओरडले.

"चुना सरला."

"आजच?"

"चुन्याले काय पंचांग पाहून सरा लागते, सर?"

पोरं हसली. सरांचे कान लाल झाले. पण रविवारला चार दिवस उरलेले. रागवायलासुद्धा वेळ नव्हता. दोन खुंट्यांच्या मधून नजरेनंच रेघ धरायची असं ठरलं. तानाबाईनं आपल्या बाजूला, मधल्या जागेपासून चार हात आत, एक जुनं दोरखंड टाकलं होतं. "पोट्टेहो, थांबाचं असन त दोरापाशी येऊन थांबा. मले तेवढंच समजते," ती भोळं तोंड करून म्हणाली. तिचं भोळं तोंड पाहिलं की शहाण्या माणसानं खिसा तपासावा.

निवृत्ती गेला. दोघांना शिवला, वळला, धावला. वाकायला समोर रेघच नव्हती. दोन हात गेले, खुंट्या मागं पडल्या, मागच्या तिघांचे हात हवेत राहिले आणि हा भला माणूस दोरापाशी येऊन इकडंतिकडं पाहू लागला, की मला धरलं कसं नाही.

दहा चढायांत सात परत आले.

सर बराच वेळ शिटी तोंडात धरून उभे होते, वाजवली नाही. मग हळूच म्हणाले, "तानाबाई, चुना खरंच संपलाय?"

"भरलं पोतं हाय."

"उद्यापासून..." सर अडखळले. "उद्या काय करायचं?"

हा प्रश्न विचारायला नागपूरच्या माणसाला फार लांब चालत यावं लागलं. तानाबाईनं त्याची चेष्टा केली नाही. म्हणजे त्या दिवशी तरी केली नाही.

पण गुरुवारी रेघ आखली आणि सगळं मुसळ केरात. पांढरी रेघ दिसली की माना खाली. दहांत दोनच परत आले. निवृत्ती मातीत बसून राहिला.

"मावशी, म्या काय करू? थे रेघ दिसली का मान आपोआपच वाकते. माय म्हणे, घरी येऊन भुईच्या पाया न पडणारा पोट्टा एक दिवस भुईतच जाते."

तानाबाई त्याच्याजवळ उकिडवी बसली. "माय बरोबर म्हणे. पण मले सांग, बाहेरून येऊन तू पाया पडतं त घरात येऊन पडतं, का उंबऱ्यातच आडवा होतं?"

"घरात येऊन."

"मंग? मागून लोकं लागले असतीन त उंबऱ्यात लोळण घेतं का बे? आधी घरात ये. आत आल्यावर पाहिजे तेवढा लोळ, दंडवत घाल, माती खा. भुई कुठं पळून जात नाई."

"अन् रेघेवर पाय पडला त?"

"पडू दे. थे रेघ म्या आखली, मीच रोज पायानं पुसते. मले अजून काही झालं नाई."

पोरं रेघेकडं पाहू लागली. हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं, की ज्या रेघेला आपण देवासारखं वाकतो ती तानाबाईच्या टाचेखाली रोज सकाळी मरते आणि रोज तिच्याच मुठीतून जन्माला येते.

तरी नुसतं समजून भागत नाही. समजलेलं पायात उतरायला वेळ लागतो. शिवाय दुसरं दुखणं होतंच : मागून कोणी कंबरेला मिठी मारली की ही पोरं ताठ उभी राहून एक जोरदार झटका मारायची. झटका मारला की पाय उचलायचे, पाय उचलले की गेले. तानाबाईनं खोलीतून रूळ ढकलत आणला. दगडी, तिच्या मांडीइतका उंच, दोन्हीकडून दोर बांधलेला.

"निवृत्ती, हे दोर कंबरेले बांध अन् वढून दाखव. लांब नाई, दोनच हात."

तिनं तिथली माती मुद्दाम भिजवून मऊ केली होती. निवृत्तीनं छाती काढली, एक हिसका दिला. रूळ हलला आणि थांबला. दुसरा हिसका. पाय घसरून गडी तोंडावर. बाकीची पोरं हसून हसून लोळली.

तानाबाईनं कासोटा आवळला, दोर स्वतःच्या कंबरेला बांधला. पाप्याचं पितर, काडीसारखी बाई. ती गुडघ्यात वाकली, मान पुढं, आणि लहान लहान पावलं टाकत, खारीसारखी, टुकूटुकू निघाली. रूळ तिच्यामागं निमूट आला. दोन हात, चार हात, थेट काठापर्यंत.

"हिसका देऊ नका. खाली राहा. पाऊल लहान, पण थांबाचं नाई. एकदा थांबला का याचा बापही हलत नाई," ती धापा टाकत म्हणाली. "तुमच्या कंबरेले पकडणारा म्हणजे रूळच समजा."

सरांनी पुस्तक उघडलं, काहीतरी लिहून घेतलं आणि पुस्तक मिटलं. शुक्रवार-शनिवार पोरांनी तोच रूळ ओढला. कंबरांना वळ उठले. शनिवारी संध्याकाळी रेघ आखलेली असताना दहांत पाच परत आले. पाच! म्हणजे जिंकूही शकत होते आणि हरूही. याच्यापेक्षा दहांत दोनच आले असते तर तिला रात्री झोप तरी लागली असती.

रविवारी पहाटे ती शेवटचं मैदान करायला उठली. शेवटचं असेल तर चांगलंच करावं म्हणून दोनदा झाडलं. पुंजाजी दबकत आला.

"तानाबाई, एक सांगू? पहिल्या डावात अकोल्याचे तिकडे राह्यतीन. तिकडे चार बादल्या जास्त वत. निसरडं होते. मध्यंतरात मी फडकं मारून कोरडं करतो. कोणाले कळत नाई."

बादली तिच्या हातातच होती, भरलेली. खोटं कशाला सांगा, ती तिकडच्या बाजूला चार पावलं गेलीसुद्धा. उत्तमरावची गाडी डोळ्यांपुढं होती, तो उंबरा होता, आणि कानात आशाबाईचं "अवो". बादली तिरपी झाली होती.

मग तिनं ती सरळ केली.

"काऊन?" पुंजाजी म्हणाला.

"जमीन येते मले तेवढी एकच गोष्ट. थेही खोटी केली, त मंग माह्याजवळ राह्यलं काय?" आणि मग नेहमीच्या आवाजात, "अन् तू फडकं मारणार? घरी कधी हातात धरलं का बे? जाय, चहा कर."

दुपारी तीनला उत्तमराव आला. गाडीत गवत अंथरलेलं, बैलांच्या शिंगांना नवे गोंडे. वहिनीला न्यायचं म्हणजे मानानं न्यायचं, अशी त्याची समजूत. बैल सोडले, फेट्यानं घाम पुसला.

"वैनी, सामान आत्ताच घालतो गाडीत. दिवेलागणीच्या आत पोचाले पाहिजे."

"सामना होऊ द्या भाऊजी."

"त्यात काय पाह्याचं? साहेबानं लिवलंच हाय, हरणार म्हणून."

आणि तानाबाई मधली रेघ आखत होती तेव्हा तिच्या पाठीमागून उत्तमरावनं तिची पेटी उचलून नेली. तिनं मान वळवून पाहिलं. रेघ मात्र वाकडी झाली नाही. तिच्या हाताला तशी सवयच नव्हती.

सामना चारला सुरू झाला. अकोल्याची पोरं उंच, सगळ्यांच्या अंगात एकसारखे निळे बनियन. गाव लोटलं होतं. प्रिन्सिपॉल नीळकंठराव खुर्चीवर, त्यांच्या शेजारी कमिटीची माणसं. तानाबाई खोलीच्या दारात उभी. मुठीत किल्ली. द्यायची ती दिवस संपताना, आधी कशाला?

पहिली चढाई निवृत्तीची. जाताना त्यानं रेघेला हात लावला, कपाळाला लावला. शिवला, वळला, धावत आला आणि दोन हातांवर मान खाली! चौघांनी त्याला तिथंच गाडलं. दुसरा गेला, तसाच. तिसरा तसाच. गर्दीसमोर, भीतीत, पाय जुन्याच वाटेनं गेले. रूळ विसरले, दोर विसरले, सगळं विसरले. मध्यंतराला अकोला नऊ गुणांनी पुढं.

कमिटीतला एक जण घड्याळ पाहू लागला. उत्तमराव बैलांना पाणी दाखवून आला.

सरांनी पोरांना गोळा केलं. पुस्तक उघडलं, मिटलं. मग दाराकडं पाहून हात केला. सगळ्या गावासमोर. "तानाबाई, इकडे या."

ती गेली. पोरं मान खाली घालून बसलेली. तिच्या मनात शिव्या होत्या, चांगल्या निवडक. पण निवृत्तीच्या कपाळावर अजून रेघेचा चुना होता.

"निवृत्ती, परत येताना कोणाले पाहून राह्यला होता?"

"रेघेले."

"आता रेघेकडे पाहूच नको. मी त्या तिकडं दारात उभी हाय. माह्याकडे पाह्य. मले काही सांगाले येऊन राह्यला, असा ये. घाईत ये. मधात रेघ लागन तिले पाय लावून ये."

"अन् पाया?"

"मी हाय ना. पाप माह्या नावावर घाल. आधीच लय हाय, त्यात मावून जाईन."

कोणीतरी फिसकन हसलं. भीतीला एवढीशी चीर पडली.

दुसऱ्या डावात पहिला जो गेला तो एकाला शिवून, थेट दाराकडं डोळे लावून, रेघेवरून धाडधाड आत आला. गर्दीतून आवाज उठला. मग दुसरा आला. अकोल्याच्यांनी एकदोघांना धरलं, पण तिसऱ्याच्या कंबरेला मिठी पडली तेव्हा तो ताठ झाला नाही, गुडघ्यात वाकला. टुकूटुकू. मिठी मारणाऱ्यासकट रेघेवर आला. नऊचे सहा, सहाचे चार झाले. मध्येच अकोल्याचे दोन वाढले. तानाबाईच्या तळहातात किल्लीचे दात रुतले होते.

गाडीपाशी उभा असलेला उत्तमराव कधी पुढं आला, कळलं नाही. तरुणपणी तो सुलतानपुरातला नावाजलेला चढाईवाला. आधी तो मिशीत पुटपुटला, "खाली... खाली वाक." मग जरा मोठ्यानं. मग तर फेटा सुटून खांद्यावर आला तरी भान नाही. "अरे दाब! दाब बे पोट्ट्या!" आपण कशासाठी आलो आहोत आणि ही पोरं जिंकली तर काय होईल, हे त्या भल्या माणसाच्या डोक्यातूनच गेलं.

एक मिनिट उरलं. अकोला एका गुणानं पुढं. निवृत्तीची चढाई.

त्याला दोन हवे होते. तो गेला. यावेळीही जाताना रेघेला हात लावला, कपाळाला लावला. पलीकडं चौघं, सावध, मागं मागं सरकणारी. कोणी जवळ येईना. "कबड्डी कबड्डी कबड्डी." वेळ चालला होता. तो डावीकडं घुसला, पाय फेकला आणि कोपऱ्यातल्या पोराच्या पोटरीला शिवला. एक. परत आला तर बरोबरी. वळला. त्याच क्षणी उजवीकडचा आडदांड गडी मागून झेपावला आणि त्याच्या कंबरेला गच्च विळखा घातला. दुसऱ्यानं डावी मांडी धरली.

रेघ दोन हातांवर.

कानावर येत होतं ते फक्त "कबड्डी कबड्डी," तेही घशातून खरवडलेलं. आत पोचला तर धरणारेही बाद. नाही पोचला तर सामना गेला, मैदान गेलं, खोली गेली.

तानाबाईनं ओरडायचं ठरवलं होतं. ते राहिलं; तिनं किल्लीची मूठ वर केली.

निवृत्तीची मान वर आली. त्यानं दाराकडं पाहिलं. मग तो गुडघ्यात बसला, इतका खाली की विळखा घालणाराही वाकला, आणि एक पाऊल टाकलं, वीतभर. दुसरं, वीतभर. तिसरा गडी येऊन पाठीवर पडला. पाऊल थांबलं नाही. मातीत चर पडत होता. "कबड्डी... कबड्डी..." आता नुसती हवा. एक हात उरला. वीत उरली. मांडी धरणाऱ्यानं त्याचा पाय उचलला आणि निवृत्ती एका पायावर राहिला. त्या एका पायानं, लंगडी घातल्यासारखा, तीन माणसं अंगावर घेऊन तो पुढं पडला. त्याची टाच रेघेच्या बरोबर मधोमध आपटली. चुना उडाला.

पंचानं वाकून पाहिलं. ऐकलं. अजून दम चालू होता.

शिटी.

मग काय झालं ते धड कोणालाच सांगता यायचं नाही. सरांची टोपी कोणीतरी वर उडवली, ती परत आलीच नाही. उत्तमराव अनोळखी माणसाच्या गळ्यात पडला होता. निवृत्ती मात्र आपल्या बाजूला, पार आत, पालथा पडून मातीला डोकं टेकून होता, आणि त्याला कोणी उठवत नव्हतं.

नीळकंठराव खुर्चीवरून उठून दारापाशी आले. कमिटीचा माणूस मागून म्हणत होता, "पण साहेब, त्या खोल्यांचं काय?"

"पलीकडं गवताळ पडीत आहे ना, तिकडं बांधू. ठरलं होतं तसं होईल." मग तानाबाईकडं पाहून जरा ओशाळत, "तुमच्या दिरांना मी उगाच त्रास दिला."

"हाव," तानाबाई म्हणाली. "लिहिताना हात जरा आवरावा साहेब. माणसं गवत अंथरून येतात."

गर्दी पांगली. उत्तमराव गाडीपाशी फेटा बांधत उभा होता. घसा पार बसलेला. आता कुठं त्याच्या ध्यानात आलं होतं.

"वैनी," तो घोगरा घोगरा बोलला, "मंग तुमी येत नाई?"

"दिवाळीले येईन, पाहुणी म्हणून. आशाबाईले सांगा, पाहुणीले नावानं हाक मारतात. अन् भाऊजी, थे पेटी नेली तुमी एकट्यानं, आणाची दोघांनी. धरा तिकडून."

त्यानं धरली. दोघांनी मिळून पेटी खोलीत नेली. उत्तमराव उलटा चालत आत आला आणि पहिल्यांदाच त्यानं ती खोली पाहिली : रूळ, दोर, चुन्याचं पोतं, स्टो.

"एवढ्यात भागते?"

"भागते. बसा पोत्यावर, चहा ठेवते. घसा पाहा कसा करून घेतला, लहान पोरावानी."

उत्तमराव चुन्याच्या पोत्यावर बसला. उठला तेव्हा धोतर मागून पांढरंफेक झालं होतं. तानाबाईला ते दिसलं. पण तिनं त्याला तसाच, गावभर, सुलतानपूरपर्यंत जाऊ दिला.